रानपाखरांचे कृष्णधवल विश्व : एम. कृष्णन यांचे जीवन

तामिळनाडूतील कुंभकोणमजवळचे पट्टीश्वरम् हे गाव तेथील धेनुपुरीश्वराच्या मंदिरामुळे आणि त्या मंदिरातील दुर्गेमुळे भाविकांना परिचित आहे. मंदिराच्या गोपुरापासून थोडे दूर गेले, की कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील भातखाचरे सुरू होतात. येथे विजेच्या तारेवर किंवा बांधावरच्या वाळलेल्या फांदीवर दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल बसलेला दिसतो. तो अचानक झेप घेतो, हवेतच एखादा पतंग पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. शेजारच्या तारेवर हिरवा वेडा राघू चोचीत धरलेली माशी तारेवर आपटत असतो. ताडाच्या झाडावरून नीलपंख पक्षी नाकतोड्यावर उतरतो. तमिळ भाषेत या तिघांना अनुक्रमे करिच्चान, पंजुरुट्टान आणि पनंगाडै अशी नावे आहेत. पनंगाडै या नावातच ताडाच्या झाडाचा उल्लेख आहे.

रोज घडणारे हे दृश्य कॅमेऱ्यात बंदिस्त करणे मात्र अत्यंत अवघड आहे. पक्ष्याची झेप आणि किड्याचा शेवट यांमध्ये सेकंदाचाही अवधी नसतो. आज वेगवान डिजिटल कॅमेरे आणि लांब पल्ल्याची भिंगे अनेक हौशी छायाचित्रकारांजवळ आहेत. ही साधने नव्हती त्या काळात निसर्गातील असे क्षण टिपण्यासाठी छायाचित्रकाराजवळ दोनच गोष्टी असाव्या लागत : त्या प्राण्याविषयीचे ज्ञान आणि संयम. या दोन्ही गोष्टींच्या बळावर जवळजवळ अर्धशतक काम करणारे निसर्गलेखक आणि छायाचित्रकार म्हणजे एम. कृष्णन. हत्ती, गवा आणि हरणे यांच्या छायाचित्रांसाठी त्यांचे नाव प्रामुख्याने घेतले जाते. परंतु अंगणातील आणि शेतातील साध्या पाखरांकडेही त्यांनी तितक्याच गांभीर्याने पाहिले. १८ फेब्रुवारी १९९६ रोजी त्यांचे निधन झाले.

साहित्यिक घराण्याचा वारसा

माधवैया कृष्णन यांचा जन्म ३० जून १९१२ रोजी तिरुनेलवेली येथे झाला. आठ भावंडांमध्ये ते सर्वांत धाकटे होते. त्यांचे वडील ए. माधवैया हे आधुनिक तमिळ कादंबरीच्या आरंभीच्या लेखकांपैकी एक आणि कट्टर समाजसुधारक होते. मिठागरे व अबकारी खात्यातील नोकरी मुदतीपूर्वी सोडून त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला आणि 'पंचामृतम्' हे नियतकालिक चालवले. १९२५ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या सिनेटमध्ये तमिळ भाषेच्या बाजूने भाषण करीत असताना त्यांचा मृत्यू झाला. कृष्णन त्या वेळी अवघे तेरा वर्षांचे होते. त्यांचे थोरले बंधू एम. अनंतनारायणन पुढे मद्रास उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले आणि इंग्रजी कादंबरीकार म्हणूनही त्यांनी नाव मिळवले.

कुटुंबाचे घर मद्रास शहरातील मैलापूर भागात होते. त्या काळी तेथे मोकळी माळराने आणि झुडपे विपुल होती. मुलाला जे प्राणी-पक्षी प्रथम भेटले ते याच परिसरातील होते. मुंगूस पाळणे, पाखरे न्याहाळणे आणि चित्रे काढणे यांत कृष्णन यांचे बालपण गेले.

मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांनी वनस्पतिशास्त्राचे शिक्षण घेतले. दक्षिण भारतातील डोंगरमाथ्यांवरील वनस्पतींचे अभ्यासक पी. एफ. फायसन हे त्यांचे प्राध्यापक होते. फायसन पती-पत्नींसोबत त्यांनी निलगिरी आणि कोडाईकनाल येथे भ्रमंती केली. श्रीमती फायसन वनस्पतींची चित्रे काढत असत व त्यांच्याकडून कृष्णन यांनी जलरंगाचे तंत्र आत्मसात केले. पुढे त्यांनी कायद्याची पदवीही मिळवली. परंतु वकिलीत त्यांचे मन रमले नाही. १९३७ मध्ये त्यांचा विवाह इंदुमती हसबनीस यांच्याशी झाला. हे आडनाव मराठी वाचकांना ओळखीचे वाटेल. पुढील अनिश्चित उत्पन्नाच्या काळात इंदुमती यांनीच संसाराचा भार सांभाळला.

संडूर संस्थानातील सात वर्षे

छापखाना, कलाशाळा आणि नभोवाणी अशा ठिकाणी अल्पकाळ काम केल्यानंतर १९४२ मध्ये कृष्णन संडूर संस्थानाच्या सेवेत रुजू झाले. आजच्या कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात असलेल्या या छोट्या संस्थानावर घोरपडे या मराठा घराण्याची सत्ता होती. शिक्षक, न्यायाधीश, प्रसिद्धी अधिकारी आणि महाराजांचे राजकीय सचिव अशी निरनिराळी कामे त्यांनी तेथे केली. लहान संस्थानात एकाच व्यक्तीवर अनेक जबाबदाऱ्या येत, तसे ते होते.

संडूरच्या लोहखनिजाच्या डोंगरांवर तेव्हा घनदाट जंगल होते आणि हंपीचे भग्न अवशेष जवळच होते. कार्यालयीन कामातून मोकळे होताच कृष्णन या परिसरात भटकत. त्यांनी मेंढ्या पाळल्या आणि टपालासाठी कबुतरे तयार करण्याचा प्रयोगही केला. प्राण्याकडे पाहण्याची त्यांची पद्धत या सात वर्षांत पक्की झाली. दुर्मीळ प्राण्याच्या शोधात न धावता, समोर असलेल्या प्राण्याकडे दीर्घकाळ पाहत राहणे हे त्या पद्धतीचे सूत्र होते.

संडूरच्या राजघराण्यात त्या वेळी वाढत असलेले एम. वाय. घोरपडे पुढे कर्नाटकचे अर्थमंत्री झाले. तसेच वन्यजीवांचे नामवंत छायाचित्रकार म्हणूनही त्यांची ख्याती झाली. त्यांचे छायाचित्रांचे पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. एका छोट्या मराठा संस्थानाशी भारतातील वन्यजीव छायाचित्रणाची दोन मोठी नावे अशा प्रकारे जोडली गेली आहेत.

१९४९ मध्ये संस्थान विलीन झाले आणि कृष्णन यांची नोकरी संपुष्टात आली. वयाच्या सदतिसाव्या वर्षी ते मद्रासला परतले आणि त्यानंतर त्यांनी कोणतीही कायमची नोकरी पत्करली नाही. लेखन, रेखाटने आणि छायाचित्रे यांवरच उपजीविका करण्याचा त्यांचा निर्णय होता. त्या काळात वन्यजीवांवर लिहून पोट भरणे ही कल्पनाच भारतात नवी होती.

सेहेचाळीस वर्षे चाललेले सदर

१९५० मध्ये कोलकाता येथील 'द स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकात कृष्णन यांचे 'कंट्री नोटबुक' हे पाक्षिक सदर सुरू झाले. त्यांच्या निधनाच्या दिवसापर्यंत, म्हणजे सलग सेहेचाळीस वर्षे, ते प्रसिद्ध होत राहिले. एकाच लेखकाने इतका काळ चालवलेली अशी सदरे जगातही मोजकीच असतील.

या सदराचा मोठा भाग नेहमीच्या प्राण्या-पक्ष्यांना वाहिलेला होता. कावळा, घार, पिंगळा, खार, सरडा, गाय आणि बैल यांच्यावरही त्यांनी लिहिले. घराच्या गच्चीवरून दिसणारे जग हे जंगलातील जगाइतकेच अभ्यासण्याजोगे आहे, ही त्यांची धारणा त्यामागे होती. संस्कृत आणि तमिळ साहित्याचा त्यांचा अभ्यास चांगला होता. प्राचीन संगम काव्यातील पशुपक्ष्यांची वर्णने प्रत्यक्ष निरीक्षणाशी पडताळून पाहणे त्यांना आवडत असे. आपल्या भूमीतील जीवसृष्टीची ओळख नसलेला समाज आपल्या साहित्यालाही पारखा होतो, असे त्यांचे मत होते. त्यांनी तमिळ भाषेतही लेखन केले आणि आयुष्याच्या अखेरीस एक तमिळ रहस्यकथाही लिहिली.

हाताने जुळवलेला कॅमेरा

कृष्णन यांनी आयुष्यभर प्रामुख्याने कृष्णधवल छायाचित्रण केले. रंगीत फिल्म उपलब्ध झाल्यावरही ते तिच्याकडे वळले नाहीत. कृष्णधवल फिल्म स्वतःच्या घरातील अंधारखोलीत धुता येत असे व छपाईवरही छायाचित्रकाराचे नियंत्रण राहत असे. खर्चाचा प्रश्नही होताच. मर्यादित उत्पन्नातून महागडी उपकरणे घेणे त्यांना शक्य नव्हते.

त्यावर त्यांनी स्वतःच उपाय शोधला. एका कंपनीच्या कॅमेऱ्याचा सांगाडा, दुसऱ्या कंपनीचे दूरदर्शी भिंग आणि इतर सुटे भाग एकत्र जोडून त्यांनी एक अवजड यंत्र तयार केले आणि त्याला 'सुपर पाँडेरोसा' असे गमतीदार नाव दिले. प्रसिद्ध निसर्गप्रेमी ई. पी. गी यांनी या जोडणीचे मिश्कील वर्णन करून ठेवले आहे. दिसायला विचित्र असले, तरी या कॅमेऱ्यातून निघालेली छायाचित्रे देशातील उत्कृष्ट वन्यजीव छायाचित्रांमध्ये गणली गेली.

या साधनाच्या मर्यादा लक्षात घेतल्या, तर त्यांच्या कामाचे मोल अधिक स्पष्ट होते. तेव्हाच्या कॅमेऱ्यांत एका रोलवर बारा किंवा छत्तीस छायाचित्रे निघत. केंद्रबिंदू हाताने साधावा लागे. निकाल अंधारखोलीत गेल्यावरच समजे. जंगलात पायी किंवा माणसाळलेल्या हत्तीच्या पाठीवरून जाऊन वन्य प्राण्याच्या जवळ पोहोचायचे आणि त्याला न बुजवता बटण दाबायचे, ही त्यांची पद्धत होती.

झेप, भक्ष्य आणि छायाचित्र

पक्षी किडा पकडत असताना किंवा खात असताना त्याचे छायाचित्र घेणे, ही या कलेतील एक कठीण परीक्षा मानली जाते. त्यासाठी प्रत्येक पक्ष्याची शिकारीची रीत माहीत असावी लागते. कोतवाल आणि वेडा राघू हे ठरावीक बैठकीवरून उडतात आणि बहुधा त्याच बैठकीवर परततात. म्हणून जाणकार छायाचित्रकार पक्ष्याचा पाठलाग न करता बैठकीवर नजर ठेवतो. वेडा राघू मधमाशी पकडल्यावर ती फांदीवर आपटतो आणि तिचा नांगीकडचा भाग फांदीवर घासून विष काढून टाकतो. या क्रियेला काही सेकंद लागतात आणि छायाचित्राची संधी तेव्हाच असते. नीलपंख हवेत फारसा पाठलाग करीत नाही, तो बैठकीवरून जमिनीवर उतरतो. खाटीक पक्षी भक्ष्य काट्याला टोचून ठेवतो. गायबगळा चरणाऱ्या म्हशीच्या पायांजवळून चालतो व तिच्या पावलांनी उडणारे नाकतोडे टिपतो. पिंगळा संधिप्रकाशात दिव्याभोवती जमणाऱ्या कीटकांवर झेपावतो.

कृष्णधवल फिल्मवर या पक्ष्यांचे रंग उपयोगी पडत नाहीत. काळाभोर कोतवाल उजळ आकाशासमोर केवळ सावलीसारखा उमटतो आणि पांढऱ्या बगळ्याची पिसे कडक उन्हात कोरी होतात. म्हणून सकाळ-संध्याकाळचा तिरपा प्रकाश निवडावा लागतो.

या विषयाला एक नैतिक बाजूही आहे. चोचीत किडा घेतलेल्या पक्ष्याची जुनी छायाचित्रे पाहिली, तर त्यांतील बरीच घरट्याजवळ घेतलेली आढळतात. पिलांना भरवण्यासाठी पक्षी वारंवार तेथे येतो, त्यामुळे छायाचित्रकाराचे काम सोपे होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील कीर्टन बंधूंनी लपणीत बसून घरट्यांची छायाचित्रे घेण्यास आरंभ केला आणि ही पद्धत जगभर पसरली. परंतु घरट्यासमोरील फांद्या बाजूला केल्या, की पिले ऊन आणि शिकारी पक्षी यांच्या तोंडी जातात. आईबाप बुजले, तर घरटे सोडूनही देतात. भारतातील अनेक छायाचित्र स्पर्धांमध्ये आता घरट्यावरील छायाचित्रे स्वीकारली जात नाहीत.

वन्य प्राणी मुक्त आणि निर्धास्त असतानाच टिपला पाहिजे, हा कृष्णन यांच्या कामाचा पाया होता. उत्तम छायाचित्र हाती लागले नाही तरी चालेल, परंतु प्राण्याच्या दिनक्रमात ढवळाढवळ नको, असा या दृष्टीचा अर्थ होतो. पुढे विद्युत् झोताच्या तंत्राने चित्र बदलले. इंग्लंडचे स्टीफन डाल्टन यांनी १९७० च्या दशकात उडत्या कीटकांची स्पष्ट छायाचित्रे घेऊन डोळ्यांना न दिसणाऱ्या हालचाली उघड केल्या. यंत्राची क्षमता वाढली, तरी छायाचित्रकाराने कोठे थांबावे हा प्रश्न मात्र कायम राहिला.

भातशेती आणि पाखरे

तामिळनाडूतील शेती आणि पक्षी यांच्या नात्याचे सर्वांत जुने उदाहरण म्हणजे चेन्नईच्या दक्षिणेस असलेले वेदंतंगल. तेथील तलावात बगळे, करकोचे आणि इतर पाणपक्षी विणीसाठी येतात. त्यांच्या विष्ठेने तलावाचे पाणी खतयुक्त होते आणि ते भातशेतीला उपयोगी पडते. त्यामुळे ग्रामस्थांनी पिढ्यान् पिढ्या या पक्ष्यांचे रक्षण केले. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज जिल्हाधिकाऱ्याकडून त्यांनी तसा अधिकारही मिळवला होता. या अभयारण्यावर कृष्णन यांनी लिहिलेली पुस्तिका मद्रास राज्याच्या वन विभागाने १९६० मध्ये प्रसिद्ध केली.

कीटकभक्षी पक्ष्यांचे शेतकऱ्याशी असलेले नाते त्याहून थेट आहे. भाताचे नुकसान करणाऱ्या खोडकिड्याचे पतंग कोतवालाचे खाद्य असतात. म्हणूनच भात, हरभरा आणि तूर यांच्या शेतात इंग्रजी 'टी' आकाराचे पक्षीथांबे उभारण्याची शिफारस कृषी विभाग करतात. महाराष्ट्रातील शेतकऱ्यांनाही हा उपाय परिचित आहे. दाणे भरू लागले, की हे थांबे काढून घेतात, कारण नंतर धान्य खाणारे पक्षी त्यांवर बसू लागतात. दुसरीकडे कीटकनाशकांनी किड्यांबरोबर पक्ष्यांचाही घास हिरावला. डीडीटीच्या शेतीतील वापरावर भारतात १९८९ मध्ये बंदी आली, तर एंडोसल्फानवर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. भारतीय पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या २०२३ च्या राष्ट्रीय अहवालात नीलपंखाची संख्या लक्षणीय घटल्याचे नमूद करण्यात आले. पनंगाडै म्हणून ज्याला प्रत्येक खेडूत ओळखत असे, त्याच पक्ष्याची ही स्थिती आहे. सामान्य पक्ष्यांची नोंद ठेवण्याचे महत्त्व अशा वेळी ध्यानात येते.

मुंबईशी जोडलेला धागा

कृष्णन यांच्या सर्वांत मोठ्या अभ्यासाचा संबंध मुंबईशी आहे. १९६८ मध्ये त्यांना जवाहरलाल नेहरू अभ्यासवृत्ती मिळाली. द्वीपकल्पीय भारतातील मोठ्या सस्तन प्राण्यांची पाहणी त्यांनी दोन वर्षे केली. हे काम १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः प्रसिद्ध झाले आणि १९७५ मध्ये याच संस्थेने ते पुस्तकरूपाने प्रकाशित केले. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्यामुळे घरोघरी पोहोचलेल्या या संस्थेने एका स्वतंत्र लेखकाच्या निरीक्षणांना शास्त्रीय व्यासपीठ दिले.

१९७० मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरवले. भारतीय वन्यजीव मंडळ आणि व्याघ्र प्रकल्पाची सुकाणू समिती यांचे ते सदस्य होते. १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने 'ग्लोबल ५००' या सन्मानयादीत त्यांचा समावेश केला.

समित्यांमध्ये ते स्पष्टवक्ते म्हणून ओळखले जात. केवळ वाघ किंवा हत्ती वाचवून भागणार नाही, तर मूळची वनस्पतिसृष्टीच राखली पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. परदेशी झाडांची लागवड करून हिरवळ वाढल्याचा देखावा त्यांना मान्य नव्हता. देशी झाडांवर देशी कीटक वाढतात आणि त्या कीटकांवर पाखरे जगतात, ही साखळी पाहता त्या आग्रहामागील तर्क समजतो. काही वनक्षेत्रे माणसाच्या वावरापासून पूर्णपणे मुक्त असावीत, असेही ते म्हणत. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या लोकांच्या हक्कांच्या दृष्टीने ही भूमिका वादाची ठरते आणि हा वाद अद्याप मिटलेला नाही.

मागे राहिलेला ठेवा

कृष्णन यांच्या निधनानंतर त्यांचे विखुरलेले लेखन संकलित होऊ लागले. इतिहासकार रामचंद्र गुहा यांनी संपादित केलेला लेखसंग्रह २००० मध्ये प्रसिद्ध झाला. २००६ मध्ये त्यांच्या छायाचित्रांचे आणि लेखांचे 'आय इन द जंगल' हे पुस्तक निघाले. त्याच्या संपादनात आशिष आणि शांती चंदोला यांना साहाय्य करणारे टी. एन. ए. पेरुमाल हे स्वतः नामवंत वन्यजीव छायाचित्रकार होते व त्यांचे मूळ गाव तंजावर होते. पट्टीश्वरम् ज्या भातखाचरांच्या प्रदेशात वसले आहे, त्याच प्रदेशाने दिलेल्या छायाचित्रकाराने मद्रासच्या या ज्येष्ठाचे काम नव्या पिढीपर्यंत पोहोचवले. २०१२ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, पक्ष्यांवरील त्यांच्या लेखांचा स्वतंत्र संग्रहही वाचकांच्या हाती आला.

मेट्टूर धरणाचे पाणी प्रथेनुसार जूनमध्ये कावेरीत सोडले जाते आणि पट्टीश्वरम्च्या परिसरात भाताची लगबग सुरू होते. नांगराच्या किंवा ट्रॅक्टरच्या मागे बगळे चालू लागतात, तारांवर कोतवाल येऊन बसतात. हातात कॅमेरा घेऊन तेथे जाणाऱ्याला आज साधनांची उणीव नाही. पक्ष्याची बैठक ओळखणे, त्याला न बुजवता दूर थांबणे आणि त्याने स्वतःहून झेप घेईपर्यंत वाट पाहणे, एवढे मात्र त्याला स्वतःलाच शिकावे लागते. कृष्णन यांच्या जीवनातून मिळणारा धडा हाच आहे.